लेक निघाली पौर्णिमेला

पौर्णिमा म्हटली की आपल्या घरांतून पहिल्यांदा आठवतो तो स्वयंपाक. नारळी पौर्णिमेचा नारळीभात, कोजागिरीचे आटवलेले केशरी दूध, होळीची पुरणपोळी. वटपौर्णिमेला उपास, पण त्या उपासालाही आंब्याची आणि फणसाच्या गऱ्यांची साथ. चंद्र आकाशात असतो हे खरे. पण आपली पौर्णिमा साजरी होते ती ओट्याशी. कोजागिरीला आपण गच्चीवर सतरंज्या घालतो, भेंड्या लावतो, मसाला दूध पितो आणि साडेबाराला जांभया देत सतरंज्या गुंडाळतो. दुसऱ्या दिवशी मात्र 'काल काय जागलो!' असे सगळ्यांना सांगतो. कोण जागे आहे, असे विचारत लक्ष्मी त्या रात्री फिरते म्हणतात. ती जर खरोखरच पहाटे चारला आली, तर आपल्यापैकी किती दारे उघडतील, हा प्रश्नच आहे.

यंदा आमच्या घरात एक वेगळीच पौर्णिमा शिरली. थायलंडच्या आखातात को फांगान नावाचे बेट आहे. 'को' म्हणजे बेट. त्या बेटाच्या आग्नेय टोकाला हाद रिन नावाचा किनारा आहे आणि तिथे दर पौर्णिमेला सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हजारो तरुण मुलेमुली वाळूवर नाचतात. या प्रकाराला 'फुल मून पार्टी' म्हणतात, आणि जगभरच्या तरुणांना हे नाव आपल्या पंढरीच्या वारीसारखे तोंडपाठ असते. आमच्या धाकट्या लेकीने एका रविवारी पोहे खाता खाता सांगितले, "आम्ही चौघी फुल मून पार्टीला जायचं ठरवतोय."

लेक चोवीस वर्षांची आहे. नोकरी करते, स्वतःचा प्राप्तिकर स्वतः भरते. तिचे वाक्य मी दोनदा मनात घोळवले. 'जाऊ का?' असे ते नव्हते. 'आम्ही जातोय' असेही नव्हते. 'ठरवतोय' होते. आईबापांना आत यायला एक दार किलकिले ठेवलेले होते त्या शब्दात. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि म्हणाले, "रात्रभर? समुद्रावर?" आमच्या सासूबाई, वय वर्षे ब्याऐंशी, त्यांनी मात्र नेमका प्रश्न विचारला, "कुठल्या पौर्णिमेला गं?"

माझ्या जिभेवर 'नको' हा शब्द आला नव्हता, असे नाही. तो दोन अक्षरांचा शब्द मला फार जवळून माहीत आहे. १९८७ साली मी बावीस वर्षांची होते आणि कोकणात बँकेत नुकतीच लागले होते. कचेरीतल्या सहा-सातजणी मिळून गोव्याला निघाल्या होत्या. मी वडिलांना विचारले. ते अंगणात सुपाऱ्या निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "नको." कुठे उतरणार, कोण बरोबर आहे, किती दिवस, काही नाही. माझे वडील कठोर नव्हते. पोरीच्या काळजीने त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे, हे आईने मला फार नंतर सांगितले. पण ती काळजी माझ्यापर्यंत पोचली ती एका बंद दारासारखी. त्या शब्दाने एक सहल टळली; पण त्यानंतर कितीतरी गोष्टी त्यांच्या कानावर जायच्याही टळल्या. बदलीचा अर्ज केला तो कळवला मंजूर झाल्यावर. लग्नाचे ठरले तेही ठरल्यावरच सांगितले. 'नको' ऐकायला लागू नये म्हणून माणूस विचारणेच सोडून देतो, हे त्या घरात मी शिकले.

म्हणून मी लेकीला म्हटले, "कागद-पेन आण." आणि मग पुढचे तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर जे चालले, त्याची ही हकिकत.

आधी त्या पार्टीविषयी थोडे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर हाद रिनला नारळाच्या झाडांखाली बांधलेल्या चार साध्या खोपटांपलीकडे फारसे काही नव्हते. बेटावरचे लोक नारळ आणि मासळी यांवर जगत. पाठीवर पिशवी टाकून आशियाभर स्वस्तात भटकणारे मूठभर गोरे तरुण तिथे येऊन राहत. अशाच एका पौर्णिमेला वीस-तीस जणांची मैफल जमली, आणि चांदणे इतके आवडले की पुढच्या पौर्णिमेला पुन्हा जमायचे ठरले, अशी तिची जन्मकथा सांगतात. तोंडोतोंडी बातमी पसरत गेली. १९९६ मध्ये ॲलेक्स गारलंड या इंग्रज लेखकाची 'द बीच' ही कादंबरी आली, २००० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, आणि थायलंडच्या बेटांकडे तरुणांची रीघ लागली. आज साध्या पौर्णिमेला काही हजार आणि हंगामात वीस-तीस हजारांपर्यंत माणसे त्या एका किनाऱ्यावर उतरतात. २०१६ च्या ऑक्टोबरात राजे भूमिबोल यांचे निधन झाले तेव्हा त्या महिन्याची पार्टी रद्द झाली. कोविडच्या साथीत ती २०२० पासून बंद राहिली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

गंमत म्हणजे हे सारे आपल्याला वाटते तितके परके नाही. हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी लोक चांदण्या रात्री जमत ते १९७०च्या दशकापासून. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन वादक १९७० मध्ये तिथे आला आणि २०२३ मध्ये वारला. त्याच्यासारख्यांच्या हातून पुढे जे संगीत घडले त्याला जगभर 'गोवा ट्रान्स' म्हणतात, आणि ते हाद रिनलाही वाजते. म्हणजे ज्या गोव्याला वडिलांनी मला 'नको' म्हटले, त्याच गोव्याचे सूर ऐकत माझी लेक थायलंडच्या वाळूत नाचणार. गोव्यात या रात्री मागे पडण्याचे एक कारण म्हणजे २००० साली आलेले ध्वनिप्रदूषणाचे नियम. उघड्यावरचे कर्णे रात्री दहाला बंद. गणपतीत आपल्या मंडळांना जो नियम डोळे दाखवतो, तोच तो.

पहिली बैठक तारखेवर झाली आणि तिथे सासूबाईंनी बाजी मारली. मुलींनी माघी पौर्णिमा धरली होती. सासूबाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले. लेकीने माहिती वाचायला सुरुवात केली आणि दोघींच्या लक्षात आले, की थायलंडचे सणवार आपल्या पंचांगाचे सख्खे चुलतभाऊ आहेत. तिथला 'विसाखा बुचा' म्हणजे वैशाखातली बुद्धपौर्णिमा. 'माखा बुचा' म्हणजे माघी, 'आसान्हा बुचा' म्हणजे आषाढी, आपली गुरुपौर्णिमा. 'बुचा' म्हणजे आपली पूजाच! आषाढीपासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, तो संपतो 'ओक फान्सा'च्या सुमारास, म्हणजे आपल्या कोजागिरीला. आपल्याकडच्या बौद्ध कुटुंबांना हा वर्षावास नवीन नाही. कार्तिकी पौर्णिमेला आपण त्रिपूर पाजळतो, तेव्हा तिथे 'लॉय क्रथोंग' असतो; केळीच्या पानाच्या द्रोणात दिवा लावून पाण्यात सोडतात. अधिक महिना तिथल्या पंचांगातही असतो. मात्र तो आपल्या अधिकाशी जुळतोच असे नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी हे सण आपल्यापेक्षा महिनाभर पुढे जातात.

आता याचा पार्टीशी संबंध काय? तर या पवित्र दिवशी तिथे दारूविक्रीवर निर्बंध असतात. म्हणून पौर्णिमा अशा सणाची असेल, तर पार्टी एखादा दिवस सरकवतात. आकाशातला चंद्र पाहून विमानाची तिकिटे काढणारे पाहुणे मग एक दिवस आधीच पोचतात, आणि पार्टीच्या रात्री त्यांची परतीची होडी सुटलेली असते. "आधी तिथलं पंचांग बघा, मग तिकीट काढा," असे सासूबाईंनी फर्मावले. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच परदेशी मुहूर्त.

दुसरी गोष्ट पावसाची. थायलंड म्हणजे एकच हवामान असे आपण धरून चालतो. पण फुकेटच्या बाजूच्या किनाऱ्यावर साधारण आपल्यासारखा, मे ते ऑक्टोबर पाऊस. को फांगान आहे दुसऱ्या बाजूला, आखातात. तिथे जोराचा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून, आपल्या तमिळनाडूसारखा. नोव्हेंबरात तर समुद्र इतका खवळतो की बोटी रद्द होतात. दिवाळीच्या सुट्टीचा बेत त्यामुळे आपोआप बाद झाला. शेवटी चैत्री पौर्णिमा ठरली. ऊन रणरणते असेल, पण समुद्र शांत, आणि तिथे सणही नाही. "हनुमान जयंती आहे," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "असू दे. समुद्र ओलांडायला त्याच्याइतकं चांगलं दैवत नाही."

जायच्या वाटेचा विषय निघाला तसे ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. ह्यांना रेल्वेच्या वेळापत्रकाचे वेड आहे. को फांगानला विमानतळ नाही. मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तासांचे विमान. तिथून दोन वाटा. एक, शेजारच्या को सामुई बेटावर छोट्या विमानाने उतरायचे आणि अर्ध्या तासाच्या बोटीने फांगान गाठायचे; ही वाट महाग. दुसरी, बँकॉकहून रात्रीच्या गाडीने दक्षिणेकडे सुरत थानी, साडेसहाशे किलोमीटर. नाव आपल्या सुरतेचेच. १९१५ मध्ये राजे वजिरावुध यांनी ते दिले. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ च्या जानेवारीपासून जुन्या हुआलाम्फोंग स्थानकाऐवजी क्रुंग थेप अफिवत या नव्या स्थानकावरून सुटतात, हे ह्यांनीच शोधून काढले. "जुन्या पुस्तकावर विसंबला असतात तर भलत्या स्टेशनावर उभ्या राहिला असतात," असे ह्यांनी मुलींना ऐकवले. सुरत थानीचे स्थानक शहराबाहेर आहे. तिथून बसने डोन साक धक्क्यावर, आणि तिथून अडीच तासांच्या बोटीने थोंग साला या बेटावरच्या बंदरात. एरवी गप्प बसणारा माणूस वरचा बर्थ घ्यावा की खालचा, यावर चारही मुलींशी अर्धा तास फोनवर बोलला. त्यानंतर त्या चौघी माझ्याऐवजी ह्यांनाच प्रश्न विचारू लागल्या.

कागदपत्रांचे काम सोपे निघाले. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली. पण असे नियम सरकारच्या मनाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहायचे, असे यादीत लिहिले. १ मे २०२५ पासून आगमनाचा फॉर्म आधी इंटरनेटवर भरावा लागतो, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तोही लिहिला.

मग आला राहण्याचा प्रश्न, आणि इथे यादीचा रंग बदलला. पौर्णिमेच्या आसपास हाद रिनला खोल्या महाग होतात, शिवाय बरीच हॉटेले तीन-चार रात्रींचे पैसे एकदम घेतात. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ मंडळी सामुईला राहतात, रात्री स्पीडबोटीने पार्टीला येतात आणि पहाटे तशीच परततात. स्वस्त आणि सोयीचे. पण २००५ च्या जानेवारीत पार्टीहून सामुईला परतणारी, माणसांनी खचाखच भरलेली एक स्पीडबोट उलटली आणि अनेक तरुण पर्यटक बुडाले. हे वाचले तेव्हा लेकच म्हणाली, "रात्री समुद्र ओलांडायचा नाही. पैसे जास्त गेले तरी चालतील." यादीत हे वाक्य तिच्या अक्षरात आहे.

मला त्या क्षणी जाणवले ते असे. तोपर्यंत माझ्या पोटात भीतीचा एक गोळा होता. त्याला नाव नव्हते, आकार नव्हता. 'रात्र', 'समुद्र', 'दारू', 'परदेश', 'मुलगी' अशा पाच शब्दांचा तो गोळा. आता त्यातला एक धागा सुटून कागदावर आला होता. भीतीचा तपशील लिहायला घेतला की तिची काळजी होते, आणि काळजीवर काहीतरी करता येते.

मग आम्ही एकेक धागा सोडवत गेलो. तिथे दारू मिळते ती बादलीतून. मुले वाळूत किल्ले बांधायला नेतात तसली छोटी प्लॅस्टिकची बादली. तिच्यात दारू, थंड पेय आणि ताकदीचे म्हणून विकले जाणारे कॅफीनचे पेय ओततात, वर चार नळ्या खोचतात. कॅफीनमुळे माणूस जागा राहतो आणि आपल्याला चढली आहे हे त्याचे त्यालाच कळत नाही. शिवाय बादलीत काय ओतले हे कुणी पाहिलेले नसते. २०२४ च्या नोव्हेंबरात शेजारच्या लाओसमध्ये वांग व्हिएंग या गावी मिथेनॉलची भेसळ असलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. आपल्याकडे विषारी दारूच्या बातम्या येतात तेच हे विष.

हे वाचून झाल्यावर टेबलाशी जरा शांतता पसरली. आमची लेक दारू पिते का, हा प्रश्न मी आजवर विचारला नव्हता. त्या दिवशीही विचारला नाही. तीच म्हणाली, "आई, मी कधीतरी बिअर घेते. बादली नाही घेणार. समोर उघडलेली बाटलीच घेऊ आणि ग्लास हातातून सोडणार नाही." ह्यांनी पंख्याकडे पाहिले. सासूबाई मटार सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. मला काय वाटले, हे सांगणे कठीण आहे. वाईट वाटले, हे खरे. पण तिने हे आपल्याला सांगितले याचा दिलासा त्याहून मोठा होता. वीस वर्षे एका घरात राहूनही जे बोलणे झाले नसते, ते एका बादलीने करवले.

मादक पदार्थांबद्दल मात्र मी सरळ बोलले. थायलंडचे कायदे फार कडक आहेत, आणि परदेशी माणूस म्हणून सूट मिळत नाही. गांजाचे नियम तिथे २०२२ मध्ये सैल झाले आणि २०२५ मध्ये पुन्हा आवळले, त्यामुळे दुकानात दिसते म्हणजे चालते, असे समजायचे नाही. आपल्याकडची मुले हल्ली जी विजेची सिगरेट ओढतात, तिच्यावरही तिथे बंदी आहे. कुणाचे पुडके, कुणाची पिशवी 'जरा धर गं' म्हणून घ्यायची नाही. ही ओळ लाल शाईत आहे.

मग स्कूटर. थोंग सालाहून हाद रिनला जाणारा रस्ता डोंगरातला, चढाचा आणि वळणांचा. स्कूटर कुणालाही भाड्याने देतात, आणि गुडघ्याला पट्ट्या बांधलेले गोरे त्या बेटावर जागोजागी दिसतात. "पुण्यात गाडी चालवणाऱ्याला जगात कुठेही भीती नाही," असे लेक म्हणाली. ते खरेही असेल. पण आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विम्याचे पैसे मिळत नाहीत, आणि स्कूटरवाले पासपोर्ट तारण मागतात तो द्यायचा नसतो. बेटावर दवाखाने आहेत, पण दुखापत गंभीर असेल तर सामुईला किंवा सुरत थानीला न्यावे लागते, म्हणजे पुन्हा समुद्र. तेव्हा पार्टीच्या दिवशी स्कूटर नाही. मागे बाकडी टाकलेल्या वडापच्या गाड्या तिथेही असतात. त्यांना 'सोंगथ्यू' म्हणतात. त्यातून जायचे.

वाळूत फुटक्या बाटल्या असतात, म्हणून पायात बंद बूट. पेटवलेल्या दोरावरून उड्या मारायचा खेळ तिथे फार चालतो, तो लांबून पाहायचा. पासपोर्ट खोलीत कुलपात, अंगावर थोडे पैसे. दर दोन तासांनी चौघींनी ठरलेल्या जागी भेटायचे; कुणी एकटीने खोलीवर परतायचे नाही. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, तो प्रत्येकीच्या फोनमध्ये आणि कागदावरही. आणि समुद्र. मी कोकणातली आहे. पौर्णिमेचे उधाण मला सांगावे लागत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातली मुले बुडाली, ती भर दुपारी, सहलीला आलेली. त्यांच्या आईबापांनी ती सहल शिक्षकांबरोबर आहे म्हणून निर्धास्तपणे पाठवली होती. समुद्राला पार्टी आणि सहल यांतला फरक कळत नाही. म्हणून रात्री गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. ही माझी एकच अट होती, आणि ती तिने हसण्यावारी नेली नाही.

या सगळ्या काळात आजूबाजूला बातमी पसरलीच. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. "एकट्या पाठवताय मुलींना?" मी म्हटले, "चौघी आहेत." त्या म्हणाल्या, "तेच गं, पण एकट्याच ना?" मी त्यावर पुष्कळ विचार केला. चार मुलगे गेले तर चौघे जातात. चार मुली गेल्या तर एकट्या जातात. आपल्या भाषेचे हे गणित फार जुने आहे. वहिनींच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, काळजीच होती. मुलींना मुलांपेक्षा एक धोका अधिक असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो धोका हाद रिनला आहे आणि आपल्या रेल्वे स्टेशनच्या पुलावरही आहे. पण त्यावर 'घरी बस' हाच उपाय असेल, तर मग तो पूलही तिने ओलांडायला नको. तो ती रोज ओलांडते, रात्री नऊ वाजता, आणि आपण तिला 'पोचलीस का?' एवढेच विचारतो.

या बेटाला पार्टीपलीकडेही काही आहे, हे मला शेवटी शेवटी कळले. बेटाचा मोठा भाग डोंगर आणि जंगल आहे. तिथे थान सादेत नावाचा ओढा उड्या घेत समुद्राला मिळतो. राजे चुलालाँगकॉर्न १८८८ मध्ये तिथे प्रथम आले, त्यांना ती जागा इतकी आवडली की ते पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि त्यांची आद्याक्षरे तिथल्या खडकावर कोरलेली आहेत. हाच राजा १८७२ मध्ये अठराव्या वर्षी हिंदुस्थान पाहायला आला होता आणि आपली मुंबईही पाहून गेला होता. पार्टीनंतरचा दिवस झोपेचा आणि त्याच्या पुढचा थान सादेतचा, असे ठरले आहे. पार्टीच्या रात्री किनाऱ्यावर शिरताना शंभर-दोनशे बाहतची पट्टी घेतात, ती साफसफाईसाठी. पहाटे वाळूवर काय पडलेले असते याची छायाचित्रे मी पाहिली. विसर्जनानंतरची चौपाटी आठवली. आपला कचरा पिशवीत भरून आणायचा, हे यादीतले कलम सासूबाईंचे.

आता यादी चार पानांची झाली आहे. ती वाचून कुणाला वाटेल, की या मुली पार्टीला निघाल्या आहेत की मोहिमेवर? लेकही मला तेच म्हणाली. पण तिने एकही कलम खोडलेले नाही, उलट तीन वाढवली. ही यादी केली म्हणून काही होणारच नाही, असे मी मानत नाही. आईबापांच्या हातात तेवढे कधीच नसते. पण काही झाले, तर मध्यरात्री पहिला फोन कुणाला करायचा, याबद्दल तिच्या मनात आता शंका नाही. 'सांगितलं तर ओरडतील' असे वाटून मुले ज्या क्षणी गप्प राहतात, तो क्षण मला कुठल्याही बादलीपेक्षा आणि बोटीपेक्षा धोक्याचा वाटतो. माझ्या लेकीला परवानगी देणारी मी कोण? ती कमावती आहे, सज्ञान आहे, न सांगता 'ऑफिसची सहल' म्हणून जाऊन आली असती तरी आम्हाला कळले नसते. तिने ठरवताना आम्हाला टेबलाशी बसवले, हीच आम्हाला मिळालेली परवानगी.

थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. हाद रिनचा मोठा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. तिथे सहाच्या सुमारास फटफटेल तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजलेले असतील. यादीतले शेवटचे कलम आहे: 'उजाडल्यावर घरी फोन.' चैत्री पौर्णिमेच्या त्या रात्री मी वेळेवर झोपणार आहे, असे मी तिला सांगितले आहे. तिचा अजून विश्वास बसलेला नाही.